बेभरवशाची वाडी

घर न बदलता कौतिकाबाई अहिरे पाचव्या मतदारसंघात गेल्या.

२०७१ साल उजाडेपर्यंत मतदारसंघांच्या हद्दी माणसं आखेनाशी झाली होती. दर निवडणुकीआधी सीमायंत्र त्या नव्याने आखायचं. वस्तीच्या मधून रेषा नेता येत नसल्यामुळे कौतिकाबाईंबरोबर वाडीतली बावीस घरंही इकडून तिकडे जायची. नवा आमदार म्हणायचा, "तुम्ही तर आत्ताच आलात!" की आरोग्य उपकेंद्राच्या मागणीचा कागद पुन्हा पहिल्या टेबलावर. त्या उन्हाळ्यात भिकन पवारांची सून ज्योत्स्ना वाटेत जीपमध्येच बाळंत झाली. बाळ वाचलं नाही.

तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या कौतिकाबाई तडक नाशिकला गेल्या, सीमायंत्र बनवणाऱ्या डॉ. तेलंगांकडे.

"आमचीच वाडी का फिरवता?"

तेलंगांनी नकाशा उघडला. "मत गुप्त असतं, बाई, पण माणूस कुठे गुप्त असतो? तो कुणाच्या सभेला जातो, कशावर चिडतो, यावरून यंत्र त्याचं मत आधीच ओळखतं. त्याला आम्ही 'मतछाया' म्हणतो. शंभरातल्या सत्त्याण्णवांची छाया अचूक पडते. तुमची पडतच नाही. तुम्ही सगळ्यांचं ऐकून मग ठरवता, आणि वाडी तुम्हाला विचारते. सत्तेवरच्यांना जागा पक्क्या हव्यात. म्हणून जिथे तुमच्या मतांनी काही बिघडणार नाही, तिथे यंत्र तुम्हाला ढकलतं."

"मग उपाय?"

"एकाच पक्षाच्या सभांना जा, एकाच बाजूचं ऐका. दोन निवडणुकांत यंत्राला तुमचा भरवसा येईल." तेलंग ओशाळले. "दुसरं काही माझ्या हातात नाही."

संध्याकाळी परतून कौतिकाबाईंनी वाडी गोळा केली. "उपकेंद्र हवं असेल तर मी डोकं गहाण ठेवते. तुम्ही म्हणाल तसं."

ज्योत्स्नाच पुढे येऊन म्हणाली, "मावशी, माझं लेकरू गेलं. पण तुम्हीच मान डोलावायला लागलात तर आमच्यासाठी भांडणार कोण? त्यापेक्षा आम्हीही बेभरवशाचे होतो!"

आणि वाडी खरोखरच तशी झाली. प्रत्येक पक्षाच्या सभेला जायचं, प्रत्येकाला उलट प्रश्न विचारायचे. हे वारं चाळीस गावांत पसरलं. इतक्या माणसांना विखरून टाकणं यंत्राला जमेना. बाकीच्या जागा तरी पक्क्या राहाव्यात म्हणून त्याने ती सगळी गावं एकाच लांबलचक, वेड्यावाकड्या मतदारसंघात कोंबली.

तिथे मात्र कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं! उमेदवार ओट्यावर बसून ऐकू लागले. वर्षभरात उपकेंद्र उभं राहिलं. ज्योत्स्नाचं दुसरं बाळंतपण तिथे सुखरूप झालं.

बारशाला कौतिकाबाईंची धाकटी बहीण शेवंता आली. तिचं गाव नदीपलीकडे, शेजारच्या मतदारसंघात.

"तुमच्याकडे कोण निवडून आलं गं?" कौतिकाबाईंनी विचारलं.

"तोच. या वेळी मतदान झालंच नाही आमच्याकडे. सगळ्यांची छाया स्पष्ट आहे म्हणे, मग यंत्रानेच निकाल लावला."

"आणि तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?"

शेवंताने पाळण्याची दोरी ओढली. "बोलणारी गावं सगळी तुमच्याकडे गेली ना, अक्का."