आडनाव तेच, घर वेगळं

दाताच्या दवाखान्यात आडनाव पुकारलं गेलं आणि दोघं एकदम उठले: एक तरुण आणि एक काळ्या कोटातली तरुणी.

"या ना, साहेब!" स्वागतिका तरुणाकडे पाहून अदबीनं म्हणाली. त्या आडनावाच्या घराण्यात तीन पिढ्या न्यायाधीश झालेले, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तो मी नव्हे. मी लिफ्ट दुरुस्त करतो," तो म्हणाला. "साहेबांकडच्या… या असाव्यात."

गाल सुजलेल्या वकीलबाईंनी नुसती मान हलवली.

"मग आधी तुम्ही जा," तो म्हणाला. "साहेबांकडचे आधी. आमच्या घरात तसंच चालत आलंय."

तिला हसू आलं, आणि हसल्यावर ठणकही लागली.

बाहेर पडल्यावर बधिर जिभेनं तिनं विचारलं, "तुमच्याकडे हे आडनाव आलं कसं?"

"पणजोबा तुमच्या पणजोबांची गाडी चालवायचे. आमच्या आजोबांना शाळेत घालताना साहेबांनी स्वतःचंच आडनाव लावून टाकलं." तो थांबला. "आम्ही ते अजून जपूनच वापरतो… उसनं आणल्यासारखं."

पुढे कोर्टाची लिफ्ट वरचेवर बिघडू लागली. म्हणजे तक्रार ती करायची, आणि तोही गंभीर चेहऱ्यानं धडधाकट बटणं तपासत बसायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

तिनं त्याच्याबद्दल घरी सांगितलं तेव्हा बाबांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"मुलगा चांगला असेलही. पण लोकांना तो आपल्यातलाच वाटेल. खुलासे मी करत बसायचे?"

आवाज जराही चढला नव्हता. तेच तिला लागलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या मशीनच्या अरुंद खोलीत तिनं त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं फडक्याला हात पुसले.

"मी आडनाव बदलायचं म्हणतोय. आईच्या माहेरचं लावीन."

"बाबांसाठी?"

"छे! माझ्यासाठी. कधीपासून मनात आहे. सवडीनं करीन."

"सवडीनं नको," ती म्हणाली. "लग्नाआधी कर."

त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. "लग्ना—"

"म्हणजे मलाही नवंच लावता येईल."

"विचार कर. त्या नावाला कुणी उठून खुर्ची देणार नाही."

"मग उभी राहीन," ती म्हणाली. "तू जरा सरक… जागा कर."