राणीभोवतीच्या सहा सोंगट्या

काचेच्या बशीतले जिवाणू जिवंत होते, आणि ते पाहून डॉ. केतकी घागने बशीवरचं नाव पुन्हा वाचलं. नमुना तिच्या वडिलांच्या आतड्यातला होता.

हे ‘वलयभक्षी’ जिवाणू तिनेच घडवले होते. तळोशीच्या रसायन वसाहतीत जमिनीत बेंझिन मुरून विहिरी बाद झाल्या होत्या. वलयभक्षींनी ते खायचं आणि ते संपलं की उपाशी मरायचं, अशी योजना. भूक हेच त्यांचं कुलूप. पण शेवटचा अहवाल येईपर्यंत धीर धरतील तर ते विश्राम घाग कसले! “माझ्या पोरीचं पाणी आहे,” म्हणत बाबांनी गावादेखत शुद्ध झालेल्या विहिरीचा पहिला पेला घटाघटा रिचवला होता.

“पण पोटात त्यांना बेंझिन कुठून मिळणार?” डॉ. फरीदा मुकादम म्हणाली. बाबांच्या कंपवातावर तीच उपचार करायची. गोळीने स्थिर झालेला हात त्या पेल्यानंतर पुन्हा थरथरू लागला होता.

“बेंझिन कशाला हवं? वलय पुरे. सहा कार्बन अणू, एकमेकांचे हात धरून गोल बसलेले. इतके घट्ट, की माणसाने त्यांच्यावर रंग, रबर, औषधं, काय काय उभारलं. तुझ्या गोळीतही तेच वलय आहे, फरीदा.”

“अगं बाई! आणि मी डोस वाढवत बसले? प्रतिजैविक देऊ या?”

“दाद देणार नाहीत. विषारी मातीत तगावेत म्हणून मीच त्यांना तसं निबर केलंय.”

“मग गोळी बंद. उद्याच दाखल कर त्यांना, माझ्या नजरेखाली.”

संध्याकाळी बाबा कॅरमला पावडर लावत बसले होते. वसाहतीच्या स्पर्धेत हा माणूस कधी हरला नव्हता. केतकीने राणीभोवती सहा सोंगट्या मांडल्या आणि सगळं समजावलं.

“बेंझिन मला शिकवतेस होय? कारखान्यात पाळी सुटली की आम्ही त्यानेच हात धुवायचो. गोडसर वास, ग्रीस कसं चटकन निघायचं!” बाबा हसले, मग त्यांनी पावडरचा डबा बाजूला ठेवला. “एक सांगू? रागावू नकोस. तू यायची असलीस की मी दोन गोळ्या जास्तीच्या घ्यायचो.”

“का?”

“हात हलताना दिसला असता तर तुझ्या पाण्याला बोल लागला असता.”

केतकीला रडूच फुटलं. “अहो बाबा, तुम्ही त्यांना जेवणावळी घातल्यात! पाण्याचं नाव गेलं खड्ड्यात, उद्या मी सगळं जाहीर करणार आहे.”

“आणि माझा हात?”

“जिवाणू मरेपर्यंत गोळी नाही. खूप हलेल. घासही भरवावा लागेल.”

बाबांनी हाताकडे बघितलं. भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. “ठीक आहे,” ते म्हणाले. “माझ्या जिवावर पोसलेत, आता मीच उपाशी मारतो.”

त्यांनी स्ट्रायकर ठेवला. तो जागेवर राहीना. केतकीने त्यांच्या हाताखाली आपला हात धरला.

“ए, फाऊल! दुसऱ्याच्या हाताला हात लावायचा नसतो.”

“गप मारा हो!”

दोघांनी मिळून मारला, आणि सहाच्या सहा सोंगट्या फुटून पांगल्या.