अळणी घास

"तुझा ताट थंयसर, गॅलरीत! आणि पोराक हात लावशील तर बघ!"

सासूने, काशीबाईंनी, ताट दाराबाहेर सरकवलं आणि बकुळाने ते पुढ्यात ओढलं. ताटात कोरडी भाकरी आणि मिठाचा कणही नसलेली दुधीची भाजी… आत तिचं पाच महिन्यांचं लेकरू आक्रंदत होतं, आणि तिला मात्र उंबरा ओलांडायची बंदी!

तिच्या मानेवर, दंडावर गजकर्णाचे लालभडक चट्टे उठले होते. काशीबाईंनी पथ्य लावलं… मीठ बंद, मासे बंद, डाळ बंद, बाळाला अंगावरचं दूधही बंद! "नायटो मिठान चरता," त्या ठासून सांगत. "आमच्या घरात ही घाण कोणाक नव्हती. तूच हाडलंस!"

बकुळा मान खाली घालून ऐके. खरं काय ते तिला आणि नणंदेला, शांतीलाच ठाऊक होतं. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटलं होतं, बकुळाचा नवरा जगन गावी दुसऱ्यांच्या शेतात राबत होता, आणि लालबागच्या त्या खोलीत दोघी एकच गोधडी पांघरत, एकमेकींची लुगडी नेसत. चट्टे आधी शांतीच्या कमरेवर आले होते. वडाळ्याचं स्थळ नुकतंच ठरलेलं! "वहिनी, कुणाला कळलं तर लग्न मोडेल गं…" म्हणून ती पायांवर कोसळली, तेव्हा बकुळाने तिला उराशी धरून वचन दिलं होतं. मग शांती चोरून कसलंसं मलम लावत राहिली, आणि दोष, अबोला, अळणी घास सगळं बकुळाच्या वाट्याला आलं. छाती दुधाने ठणके, पदर भिजे, आणि आत पोर बाटलीतलं पाणीदार दूध पिऊन किरकिरत राही… हळूहळू पदर भिजायचाही थांबला.

एके सकाळी नळावर हंडा उचलता उचलता ती कोसळली.

शेजाऱ्यांनी तिला टॅक्सीत घातलं; काशीबाई आणि शांतीही सोबत निघाल्या. भोईवाड्याच्या डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, नखं पाहिली. "ही खाते काय?"

काशीबाईंनी अभिमानाने पथ्य सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा कठोर झाला. "अहो, गजकर्ण मिठाने वाढत नाही, की माशाने! अंगावर पाजणाऱ्या बाईला तुम्ही उपाशी मारलंत. डाळ, अंडी, मासे, पालेभाजी, सगळं द्या. वेगळं ठेवायचंय ते पंचा, कपडे, अंथरूण. ते उन्हात वाळवा. चट्टे झाकून बाळाला खुशाल पाजू दे. आणि घरात आणखी कुणाला असेल तर त्यालाही औषध हवं, नाहीतर हे पुन्हा येणार. आहे कुणाला?"

"नाही… कुणालाच नाही," ग्लानीतही बकुळा पुटपुटली.

शांतीला तो स्वर सोसवला नाही!

"आहे, डॉक्टर! मला आहे… वहिनीला माझ्यापासून झालं! आई, ती माझ्या लग्नासाठी गप्प बसली गं!"

काशीबाई भिंतीला टेकत खाली बसल्या. मग त्या बकुळाच्या उशाशी सरकल्या. "माका ठावक नव्हता गो बाय… ठावक नसताना मी तुका उपाशी ठेवलंय. लग्न मोडात तर मोडांदे!"

"मी स्वतः वडाळ्याला जाऊन सांगेन," शांती म्हणाली.

घरी आल्यावर काशीबाईंनी बांगड्याचं तिखलं केलं, त्यात भात कालवला आणि स्वतःच्या हाताने सुनेला भरवला. "आजून एक घास… माज्यासाठी!" बकुळा जेवत होती, रडत होती. मग मानेवरचे चट्टे झाकून तिने आसुसून लेकराला पदराखाली घेतलं.

पोराने ओढलं. पुन्हा ओढलं… आणि टाहो फोडला.

बकुळाने सासूकडे पाहिलं. काशीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "येतला गो… दूध येतला. आता मी असंय ना?"

बकुळाने रडतं पोर तसंच छातीशी धरून ठेवलं.