अनोळखी माणूस पाहिजे

मला एक अनोळखी माणूस हवा होता. तोही तीन-तीन मिनिटांसाठी.

हे मी मोखाड्याहून सुटणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरला सांगत होते, कारण ऐकायला दुसरं कुणी तयार नव्हतं. माझ्या प्रयोगात ते काम करणारी मदतनीस तापाने फणफणून नाशिकला परतली होती आणि २००२चा जानेवारी अर्धा संपला होता. शेजारी दोन पोत्यांच्या मधे अंग चोरून बसलेला तरुण वळला.

"मी चालेन?"

"अनोळखी आहात?"

"तुम्हाला तर आहेच."

"मला नाही हो, पाड्यावरच्या तान्ह्या मुलांना!"

त्याने मान वळवली. मग बाहेर बघत म्हणाला, "नाही... ती मला कुठून ओळखणार?"

त्याचं नाव हरेश. पंचायत समितीत क्लार्क, रविवारी मोकळा. पापण्या नको तितक्या लांब. हे निव्वळ निरीक्षण आहे.

प्रयोग साधा असतो. खोलीत आई आणि वर्षाचं मूल. अनोळखी माणूस आत येतो, आई उठून जाते, तीन मिनिटांनी परतते. ती गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा, परतल्यावर तिला कसं बिलगतं, यावरून त्याचा आईवरचा भरवसा कळतो. परदेशी पुस्तकं सांगतात की या वयात मूल परक्याला बिचकतं.

इथे कुणी बिचकेचना. बुधीचा रघ्या पहिला. हरेश आत आला, बुधी बाहेर गेली, आणि रघ्या हातातली करवंटी टाकून रांगत थेट त्याच्या मांडीवर चढला.

"माजा पोऱ्या नाय रडायचा, बाय," बुधी दाराआडून म्हणाली. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या मला हसतायत असं वाटून मी वहीत डोकं घातलं.

सहा रविवार, बारा मुलं. सगळी तशीच.

परतताना जीपच्या थांब्यापर्यंत चालावं लागे. हरेश मुद्दाम हळू चालायचा. मीही.

"रोहिणी मॅडम, तुमच्या पुस्तकात मोठ्या माणसांचं काही असतं का?"

"असतं. लहानपणी जसा भरवसा बसतो, तसंच माणूस पुढे प्रेम करतो, असं काही जण मानतात."

"आणि तुम्ही?"

"मी अजून पुरावा गोळा करतेय."

"मग... सावकाश करा. घाई नाही."

तो हसला. आठवडाभर आपण याच हसण्याची वाट बघत होतो, हे माझ्या लक्षात आलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

सहाव्या रविवारी मी त्याला निष्कर्ष सांगितला. अनेक हातांवर वाढलेलं मूल परक्याला भीत नाही! शुक्रवारी पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचा होता. मार्गदर्शक मॅडम खूश होत्या, पुढची शिष्यवृत्ती त्यावरच ठरणार होती. त्या दिवशी हरेश थांब्यापर्यंत भराभर चालला.

गुरुवारी मोखाडा स्टँडवर मी एसटीत चढणार, तोच तो धावत आला. घामाघूम.

"ती मुलं मला ओळखतात. सगळी."

मी पायरीवरून खाली उतरले.

"गेल्या पावसाळ्यात पाय मोडला होता. प्लास्टर घालून आत्याकडे पडून होतो, त्याच पाड्यात. बाया भातलावणीला जायच्या. गौराआत्याने सगळ्या झोळ्या एका पडवीत बांधल्या आणि दोऱ्या माझ्या हातात दिल्या. दोन महिने मी झोके देत होतो. अजूनही दर रविवारी जातो... तुम्ही येण्याआधीपासून."

मी पेन काढलं. "एका वेळी किती झोळ्या?"

"सात. कधी आठ."

"दिवसातून किती तास?"

"सकाळपासून बाया परतेपर्यंत."

लिहून घेतलं. अक्षर वाईट आलं.

"खोटं का बोललात?"

"खरं बोललो असतो तर तुम्ही दुसरा माणूस शोधला असता."

"आणि आज का सांगताय? गप्प बसला असतात तर मला कधीच कळलं नसतं."

"तुम्ही उद्या सगळ्यांसमोर उभ्या राहणार ना... खोट्यावर." त्याने मान खाली घातली. "आता तुम्ही परत येणार नाही, ठाऊक आहे मला."

एसटी सुटली. मी बूथवर जाऊन मॅडमना फोन केला. निबंध मागे घेते म्हणाले. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "शिष्यवृत्ती या वर्षी विसर. पुन्हा कर." रिसीव्हर ठेवल्यावर मला रडू आलं. बूथवाल्याने शहाण्यासारखी पाठ फिरवली.

बाहेर हरेश माझी बॅग पोटाशी धरून उभा होता.

"दुसरा पाडा लागेल," मी म्हणाले. "नवी मुलं. खरोखरचा अनोळखी माणूस. आणि तुम्ही तिथे पाऊल टाकायचं नाही."

"बरं."

"वर्ष गेलं माझं."

"हो."

"आणि तुम्ही मला आवडता. हे मी रागात सांगतेय, तेव्हा हसायचं नाही."

तो हसला नाही. डोळे मात्र भरले. ते बाहीने पुसायला हात मोकळा नव्हता, बॅग काही त्याने खाली ठेवली नाही.

"जामसरच्या पाड्यांवर मला कुणी ओळखत नाही. तिकडची जीप भरायला तास लागेल," तो म्हणाला. "तोवर रागवा."

मी मनापासून प्रयत्न केला. दहा मिनिटांच्या पुढे जमलं नाही.