हॅस्केल प्रुइटची चौथी बाजू

चौदा ऑक्टोबर २००६, शनिवार. धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. सरला सकाळीच मंडळातल्या बायकांबरोबर स्वयंपाकाला हॉलवर गेली होती. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्या घरात राजाराम आणि दोन दिवसांसाठी डब्लिनहून आलेली त्यांची मुलगी सुजाता, एवढी दोघंच होती.

"चारला निघायचंय, बाबा. शर्टाला इस्त्री केलीय."

"एकच बाजू राहिलीय गं. आलो की."

मोटारींच्या गिअरबॉक्सची डिझाइनं करण्यात तीस वर्षं घालवलेले राजाराम निवृत्त झाल्यापासून तळघरात ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या कॉम्प्युटरवर उतरवत बसायचे. राहिलेली बाजू हॅस्केल प्रुइटची होती. हा अगदी सुरुवातीच्या काळात मँडोलिनवर ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांची गाणी, वाजवणारा माणूस. १९३० साली शिकागोत एका दुपारी त्याची चार गाणी ध्वनिमुद्रित झाली, दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर. मग त्याने डेट्रॉइटला भट्टीवर काम केलं आणि सदतीस साली तो वारला. फोटो एकही नाही.

"आमच्या आज्याचा तरी कुठेय?" राजाराम म्हणायचे. "ह्याची निदान बोटं ऐकू येतात."

घरात नियम होता. तबकडी चालू असताना वर चालायचं नाही, तळघराचं दार उघडायचं नाही. पावलांनी सुई थरथरते.

तीनच्या सुमाराला खाली काहीतरी जड पडलं. सुजाता दारापर्यंत गेली. आत मँडोलिन चालूच होतं. नियमाप्रमाणे ती मागे फिरली आणि पुस्तक घेऊन बसली.

चारला तिने दार उघडलं. राजाराम जमिनीवर होते. सुई शेवटच्या खोबणीत फिरत होती.

"लवकर कळलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

"तुला काहीच ऐकू आलं नाही?" सरलाने विचारलं.

"नाही."

फेब्रुवारीत रजा घेऊन सुजाता ते काम पुरं करायला आली. चौथ्या बाजूची फाइल कॉम्प्युटरवर होती. दुसऱ्या कडव्यानंतर तीत एक धप्प आवाज होता. जमीन हादरली, सुईने ते टिपलं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तो आवाज काढून टाकण्याऐवजी गाणं नव्याने उतरवावं, असं तिने ठरवलं.

घरात कोणी नव्हतं. तिने तबकडी धुतली, वाळवली, लावली.

दुसऱ्या कडव्यानंतर धप्प.

तिने भिंगातून पाहिलं. खोबण्या एकसारख्या होत्या, ओरखडा नव्हता.

वडिलांचे मित्र गुरुनाथकाका आपलं यंत्र घेऊन आले. "राजारामचं मशीनच बिघडलंय. हे जपानी आहे यार, ह्याच्यावर भुतंबितं चालत नाहीत."

त्यांच्या यंत्रावरही तोच धप्प ऐकल्यावर काकांनी कोट चढवला. सुजाता यंत्र उचलून द्यायला गेली, तर म्हणाले, "राहू दे. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सरला खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसली. "लाव. ते शेवटी काय ऐकत होते, मलाही ऐकू दे."

"आई, नको."

"लाव म्हटलं ना."

मँडोलिन सुरू झालं. पहिलं कडवं. दुसरं. धप्प.

सरलाने डोळे मिटले.

मग सुरांच्या खाली काहीतरी आलं. आधीच्या कुठल्याच वेळी ते नव्हतं. पावलं. लाकडी जमिनीवर मोजे घातलेली.

सरलाने छताकडे पाहिलं. "वर कोण आहे?"

वर कोणी नव्हतं.

पावलं जवळ आली आणि थांबली.

मँडोलिनही थांबलं. गाण्यात तिथे थांबा नव्हता, सुजाताला ते आता पाठ होतं. १९३० सालातला तो माणूस तारांवर बोटं ठेवून वाट पाहत होता. तबकडी चार वेळा फिरली.

पावलं मागे वळली. मँडोलिन पुन्हा सुरू झालं.

सरला आता तबकडीकडे बघत होती.

"ही तुझी पावलं आहेत," ती म्हणाली.

गाणं अजून अर्धं बाकी होतं.

"मला ऐकू आलं होतं, आई," सुजाता म्हणाली. "मी दारापर्यंत आले होते."