तीन नंबरचं दार

पिठलं-भाकरी खाऊन, वर वाटीभर ताक पिऊन नाना उशीला टेकले, तोच कपाटावरच्या स्पीकरमधून त्यांचा भरदार आवाज आला, "भूक लागली."

ताट उचलणारा शलाकाचा हात तसाच थांबला. तिनं नानांकडे पाहिलं. नाना डावा हात जोरजोरात हलवून नको-नको करत होते. "नाना, आत्ताच तर जेवलात ना," ती हळूच म्हणाली. नानांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आतल्या खोलीत मैतूनं सूर लावला आणि शलाका ताट तसंच ठेवून आत धावली. सहा महिन्यांच्या बाळाच्या आईला एका विचारापाशी दोन मिनिटं थांबायला मिळत नाही, तसं तिलाही मिळालं नाही.

गेले नऊ दिवस हे असं चाललं होतं. मध्येच "ओलं झालं" काय, "कडेवर घे" काय. परवा समोरच्या काकू भेटायला आल्या, तेव्हा नाना त्यांच्यादेखत "कडेवर घे" म्हणाले. काकू चहा न घेताच गेल्या. आणि जेव्हा नाना खरोखर बोलायला जायचे, तेव्हा निम्म्या वेळा स्पीकर मुका राहायचा.

नानांना लकवा होऊन तीन वर्षं झाली होती. उजवा हात आणि जीभ गेली, डोकं मात्र शाबूत राहिलं. वर्षभरानं वाचाकेंद्रानं त्यांना कंठपट्टी दिली. गळ्याभोवती बसणारी मऊ, कातडीच्या रंगाची पट्टी. बोलायचं मनात आलं की गळ्याच्या स्नायूंत जी बारीक थरथर होते ती पट्टी टिपायची, घरसंगणक त्या थरथरीतून शब्द ओळखायचा आणि स्पीकर ते बोलायचा. आवाज नानांचाच. इचलकरंजीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा ते गिऱ्हाइकांना फोनवर बोलून निरोप पाठवायचे, 'तुमचं मशीन तयार आहे, घेऊन जा.' असे शेकडो निरोप सौमित्रनं, त्यांच्या मुलानं, म्हणजे शलाकाच्या नवऱ्यानं, जपून ठेवले होते. त्यातूनच तो आवाज पुन्हा घडवला होता.

मैतूच्या पायातही तशीच एक पट्टी होती, पाळणापट्टी. बाळ रडायच्या दोन मिनिटं आधी त्याचा श्वास बदलतो, ठोके बदलतात. पट्टीला ते कळायचं. मग शलाकाच्या फोनवर तीन-चार शब्दांचा निरोप यायचा, 'भूक लागली', 'झोप आली', आणि रडणं अगदी जवळ आलं असेल तर पाळणा आपोआप झुलायला लागायचा. अंगाची माहिती हवेतून घराबाहेर जाऊ नये असा कायदा झाल्यापासून अशा पट्ट्यांचं सगळं तारेवरच चाले. पट्टीपासून तिचे संकेत घेणाऱ्या डबीपर्यंत काय ती हवा, डबीपासून पुढे घरसंगणकापर्यंत तार.

फोनवरचे मैतूचे निरोपही नऊ दिवसांत आले नव्हते. पण शलाकाला वाटलं, पट्टीची बॅटरी उतरली असेल, बघू सवडीनं. तिची सवड म्हणजे मैतू झोपल्यावरची वीस मिनिटं, आणि त्यात कपडे वाळत घालायचे होते.

घोर लागला होता तो नानांचा. सौमित्र रत्नागिरीसमोरच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. त्यानं काळजीपोटी वाचाकेंद्राला फोन करून सांगितलं, नानांचं बोलणं हल्ली जुळत नाही. केंद्रातल्या सबनीस मॅडमनी शांतपणे समजावलं की पट्ट्या थोड्या आहेत, वाट बघणारे पुष्कळ आहेत. ज्याच्या मनातच वाक्य जुळत नसेल त्याला पट्टीचा उपयोग नाही, ती परत घ्यावी लागते. आज चार वाजता त्या व्हिडिओवर नानांची तपासणी घेणार होत्या. म्हणजे चारनंतर नाना कदाचित पुन्हा मुके होणार होते, आणि वर वेडे ठरणार होते ते निराळंच.

दोन वाजता शलाका रोजच्यासारखी मैतूला कुशीत घेऊन पाजायला बसली. पिता पिता मैतूचा डोळा लागला. आणि समोरचा रिकामा पाळणा हळूच झुलायला लागला.

हेही रोजचंच झालं होतं. मोटर बिघडली म्हणून तिनं दुरुस्तीवाल्याला निरोप ठेवला होता. पण आज तिची नजर दारातून पलीकडे गेली. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या उशापाशी मैतूसाठी आणलेली चुंबकाची पाटी होती आणि तिच्यावर डाव्या हातानं काढलेले वाकडेतिकडे दोन आकडे, ३ ३.

हे आकडे ते पहिल्या दिवसापासून काढत होते. त्यांच्या डाव्या हाताची अक्षरं कुणाला लागत नसत, आकडे तेवढे लागायचे. सौमित्र फोनवर म्हणाला होता, तीन वाजता काहीतरी हवं असेल. म्हणून ती रोज तीनला चहा आणि तीन बिस्किटं द्यायची. नाना बिस्किटांकडे बघायचे, मग तिच्याकडे बघायचे, आणि खाऊन टाकायचे.

तिनं मैतूला गादीवर ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि नानांच्या खोलीतल्या घरसंगणकासमोर बसली. नऊ दिवस म्हणजे कधीपासून? तिनं बोटांवर मोजलं. खंडेनवमीपासून.

खंडेनवमीला नाना दुकानातली सगळी यंत्रं बंद करायचे, तारा काढून पुसायचे, प्रत्येकाला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवायचे. यंदा सौमित्रनं तीच रीत घरी पाळली. दोन वर्षं अखंड चालू असलेला घरसंगणक बंद केला, सगळ्या तारा उपटल्या, पुसल्या, पूजा केली आणि सगळ्या एकदम लावून बटण दाबलं. नाना तेव्हा पडद्याकडे बघून काहीतरी सांगायला धडपडत होते. पण स्पीकरमधून आलं, "झोप आली." म्हणून दोघांनी मिळून त्यांना झोपवलं होतं.

शलाकानं जोडणीची यादी उघडली. ती तिनं कधी पाहिली नव्हती, पण समजायला अवघड नव्हती. एका बाजूला उपकरणाचं नाव, दुसऱ्या बाजूला पोर्टचा नंबर, म्हणजे संगणकात आत यायच्या दाराचा नंबर. दिवे, पंखा, पाण्याची टाकी, प्रत्येकाचं दार वेगळं. मग एक ओळ, कंठपट्टी, ३. आणि तिच्याच खाली, पाळणापट्टी, ३.

"नाना," ती वळून म्हणाली, "तीन नंबर दोघांना गेलाय."

नानांनी डाव्या हातानं गादीवर अशी थाप मारली की पाटी खाली पडली.

पुढचा अर्धा तास त्यांचं दुकान पुन्हा उघडलं. ते पाटीवर एकेक वाकडा शब्द काढायचे, विषय ठाऊक असल्यानं आता तिला तो लागायचा, आणि ती तसं करायची. तारा बाहेरून वेगळ्या खोबणींत होत्या, पण दोन्ही डब्या जुन्या बनावटीच्या. दोघींचा हट्ट तीन नंबरच्याच दारासाठी. पूर्वी पाळणापट्टी नंतर आली तेव्हा चालू संगणकानं 'तीन भरलंय' म्हणून तिला दुसरं दार दिलं होतं. यंदा दोघी एकाच क्षणी दारात उभ्या राहिल्या आणि संगणकानं दोघींनाही आत घेतलं. म्हणून मैतूची भूक नानांच्या आवाजात बोलत होती. आणि नानांच्या गळ्यातली थरथर पाळणा झुलवत होती.

'सगळं काढ', नानांनी लिहिलं. तिनं काढलं. 'जुनी यादी पूस.' पुसली. 'एकेक लाव.' तिनं आधी कंठपट्टीची तार उचलली, तर नानांनी मान हलवून आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आधी तिची.

तिनं पाळणापट्टीची तार लावली. दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. तीन. मग नानांची. संगणकानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि आकडा दाखवला, पाच. साडेतीन वाजले होते.

स्पीकर खरखरला. "अगं पोरी," नाना म्हणाले, "नऊ दिवस तीन-तीन बिस्किटं चारलीस मला. बरं झालं, बारा नाही लिहिलं."

शलाका हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले.

चार वाजता सबनीस मॅडम पडद्यावर आल्या. त्यांनी तारीख विचारली, मुलाचं नाव विचारलं, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. नानांनी सगळं नीट सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं की आता कसं वाटतंय. "बंद करून परत चालू केलंय," नाना म्हणाले. "तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो." मॅडम खळखळून हसल्या. आणखी काही त्रास, असं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र नाना थोडं थांबले, मग म्हणाले, "नाही. काही नाही." पट्टी नानांकडेच राहिली.

संध्याकाळी मैतूला मांडीवर घेऊन शलाका घरसंगणक आवरत होती, तेव्हा पडद्यावर एक प्रश्न आला. मधल्या दिवसांत पाळण्याच्या खात्यात काही नोंदी अशा होत्या, ज्या पाळणापट्टीच्या डबीतून आलेल्या नव्हत्या. ठेवायच्या की पुसायच्या? तिनं त्या उघडल्या. नऊ नोंदी होत्या, रोजची एक. नवव्यांदाही तेच शब्द वाचले तेव्हा तिचं बोट पडद्यावरच थांबलं.

रडण्याची सुरुवात. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

त्या वेळी मैतू रोज तिच्या कुशीत असायची, शांत.

दोन वाजता दुकानाचं शटर ओढून नाना जेवायला घरी यायचे, हे तिला सौमित्रनं सांगितलं होतं. सासूबाई तोवर जेवायच्या थांबलेल्या असत. सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी लकवा झाला.

कंठपट्टीची केंद्रात फार वाखाणणी व्हायची, कारण घरसंगणकातलं तिचं खातं खोकला, उसासा, हुंदका, शब्द नसलेलं सगळं गाळून टाकायचं आणि फक्त स्वच्छ वाक्य स्पीकरकडे पाठवायचं. पाळण्याच्या खात्याला शब्द ठाऊकच नव्हते. त्याला कळायचं ते एवढंच, की कुणीतरी रडायच्या बेतात आहे. मग ते पाळणा झुलवायचं. नऊ दुपारी घरातल्या एका चुकलेल्या यंत्रानं रिकाम्या पाळण्यात नानांना झोका दिला होता, आणि शलाका समोर बसून मोटरला नावं ठेवत होती.

तिनं नोंदी ठेवल्याही नाहीत, पुसल्याही नाहीत. पडदा तसाच मिटवला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती मैतूला घेऊन नानांच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसली. नाना भिंतीकडे वळलेले होते. स्पीकर गप्प होता. आतला पाळणा हलत नव्हता. यादीत प्रत्येकाला आपापलं दार होतं, बिघाड कुठेच नव्हता.

"नाना, हिला जरा धरता?" ती म्हणाली. "माझा हात अवघडलाय."

नाना सावकाश वळले. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी डावा हात पसरला आणि तिनं मैतूला त्यांच्या दंडावर ठेवलं. मैतूनं त्यांच्या गळ्यावरची पट्टी मुठीत धरून पाहिली.

शलाका दारातून दिसणाऱ्या त्या निश्चल पाळण्याकडे बघत राहिली. हे नऊ दिवस तिला कळले, कारण तारा चुकल्या होत्या. पण त्याआधीची दोन वर्षं सगळं बरोबर चालू होतं. त्या दोन वर्षांत, रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, या खोलीत काय होत होतं?