स्प्रिंगेतलं बोलणं

गिटारमास्तरांनी त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आणला तेव्हा त्यात बिघाड असा काहीच नव्हता. आमचा अरुंद जिना चढून मास्तर वर आले, धाप लागलेली, पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, आवाज स्वच्छ आहे हो याचा. पण कोरडा आहे. घसा सुकल्यासारखा. जरा ओल आणता येईल का?"

"म्हणजे रिव्हर्ब पाहिजे तुम्हाला," मी म्हटलं. "विहिरीत बसून वाजवा, काम झालं."

मास्तर हसले. "आणि आवाज थरथरलाही पाहिजे. जुन्या रेकॉर्डवर थरथरतो ना, तसा. कमी-जास्त, कमी-जास्त."

"ते ट्रेमोलो. दोन्ही बसवते. आठवडा द्या."

बाजारात हे सगळं तयार मिळतं. पण मला स्वतः करून बघायची खाज, आणि घरात दादा. माझा थोरला भाऊ स्प्रिंगा वळतो. कुलपांच्या, खेळण्यांच्या, पेनांच्या. आमच्या दोन खोल्या आहेत. एकीत माझं दुरुस्तीचं टेबल, दुसरीत त्याचं यंत्र. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणापासून आम्ही हातांनी बोलतो. रात्री दिवा गेला की हात दिसायचे नाहीत, म्हणून आम्ही दोघांनी आणखी एक भाषा काढली होती. पांघरुणाखाली एकमेकांच्या तळहातावर बोटं टेकवायची. दोन टिचक्या म्हणजे 'झोपलीस का', लांब ओढलेलं बोट म्हणजे 'भीती वाटते'. असे कितीतरी शब्द. आईलासुद्धा ती येत नव्हती. जगात ती भाषा येणारी माणसं दोनच.

रिव्हर्बसाठी पत्र्याच्या पसरट डब्यात दोन लांब, बारीक स्प्रिंगा ताणायच्या. गिटारचा सूर एका टोकाला हलका धक्का देतो. तो धक्का वेटोळ्यांतून थरथरत दुसऱ्या टोकाला जातो, तिथून मागे फिरतो, पुन्हा येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी मोठ्या रिकाम्या दालनात वाजवतंय. ट्रेमोलोसाठी मी काळ्या नळीत एक इवलासा दिवा बसवला, त्याच्यासमोर उजेड ओळखणारा तुकडा. दिवा मंदावला की आवाज दबतो, उजळला की उठतो. दिवा चालतोय की नाही ते दिसावं म्हणून नळीला टाचणीएवढं भोक ठेवलं.

दादाने स्प्रिंगा दोन दिवसांत वळून दिल्या. ज्या तारेतून तो वर्षभर कुलपांच्या स्प्रिंगा काढतो, त्याच भेंडोळ्यातली तार. पहिल्यांदा जोडणी करून मी डब्याला कोपर लावलं मात्र, स्पीकरमधून असा गडगडाट झाला की मी खुर्चीतून उडाले. दादा पोट धरून हसला. त्याला आवाज कुठला. तो माझ्या उडण्याला हसला.

मग मी त्याचं बोट स्प्रिंगेवर ठेवलं आणि चाचणीसाठी ठेवलेली माझी जुनी गिटार जोडून तिची तार छेडली. आपल्या हातची वस्तू कशी बोलते ते कळू दे त्याला. त्याचे डोळे चमकले. तेवढ्यात फोन वाजला. मी गिटारची वायर काढून ठेवली आणि बोलायला खिडकीशी गेले. परत आले तर त्याचं बोट तिथेच.

'आता काही नाही त्यात,' मी खुणेने सांगितलं. 'वायर काढली.'

'आहे,' तो म्हणाला. म्हणजे हाताने म्हणाला.

मी म्हटलं, घरातल्या विजेची गुणगुण असेल. सोडून दिलं.

दुसऱ्या दुपारी जेवण झाल्यावर तो येऊन डब्यापाशी बसला. तिसऱ्या दुपारीही. कुलपांच्या स्प्रिंगांचं काम तसंच पडून. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. इतका खुशीत तो कित्येक दिवसांत दिसला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी शेजारी बसून सोल्डरिंग करत होते, आणि स्पीकरमधली बारीक गडगड ऐकून लक्ष गेलं. त्याचं बोट स्प्रिंगेवर नुसतं टेकलेलं नव्हतं. ते हलत होतं. दोन टिचक्या. थांबणं. एक ओढ. तीन टिचक्या.

माझ्या हातातली सोल्डरिंगची सळई तशीच राहिली. ती आमची भाषा होती. पांघरुणाखालची.

'कुणाशी बोलतोयस?' मी त्याला हलवून विचारलं.

त्याने खांदे उडवले. 'माहीत नाही. चांगलं बोलतात.'

'काय बोलतात?'

'विचारतात. घरात किती माणसं. मी सांगितलं, दोन. कितवा मजला. सांगितलं. जिना कसा आहे... अरुंद आहे का... एका वेळी किती जण चढू शकतील.'

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. 

'तू सांगितलंस?'

'का नाही सांगायचं?' त्याचे हात जरा रागाने हलले. 'तू दिवसभर फोनवर लोकांशी बोलतेस. माझ्याशी काय बोलतेस? जेवायला चल. दार लाव. एवढंच. हे माझ्याशीच बोलतात.'

 मी मीटर लावून बघितला. स्प्रिंगेवर काहीही येत नव्हतं, काटा शून्यावर. स्पीकर गप्प. मग माझं लक्ष त्या काळ्या नळीकडे गेलं. भोकातून दिवा दिसत होता. तो मी सेकंदाला चार ठोक्यांवर लावला होता, आणि तो तसा चालत नव्हता. लुकलुक... थांबला. लांब उजळला. पुन्हा लुकलुक. मी बटण पूर्ण डावीकडे फिरवलं, पूर्ण उजवीकडे. काही फरक नाही. दादाने स्प्रिंगेवर टिचक्या मारल्या तशी स्पीकरमधून गडगड झाली, आणि तेवढा वेळ दिवा स्थिर राहिला. त्याचं बोट थांबलं. दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

समोरचा बोलत असताना आपण मध्ये बोलत नाही. तसं.

 दादाचा हात बाजूला सारून मी माझं बोट ठेवलं.

आधी नुसती गार तार. मग... आतून कुणीतरी बोट टेकवावं तसं. वेटोळ्यांच्या पलीकडून, अगदी हळू. एक टिचकी. ओढ. दोन टिचक्या. चाळीस वर्षांत ती भाषा मी वापरली नव्हती, तरी हाताला आठवली. ते विचारत होतं...

'आणि ही कोण?'

मी बोट ओढून घेतलं. पक्कड उचलली. दादाने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट त्याने मला कधी धरलेलं नाही. मी पक्कड दुसऱ्या हातात घेऊन चालवली. एक स्प्रिंग तुटली, उसळून माझ्या अंगठ्याला चिरून गेली. मग दुसरी. दिवा विझला नाही, पण निमूट चार ठोक्यांवर चालू लागला.

दादा तुटक्या टोकांकडे बघत राहिला. मी विचारलं, 'शेवटी काय म्हणाले?' त्याने दोन्ही हात खिशात घातले. त्याचे हात खिशात म्हणजे तोंड बंद.

मास्तरांच्या अ‍ॅम्पमध्ये मी बाजारातला तयार डबा बसवून दिला. ते खूश होऊन गेले. दादा चार दिवस यंत्रावर बसला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पाचव्या दिवशी मी म्हटलं, चल, मावशीकडे जाऊन येऊ, मोकळं वाटेल. तो मुकाट्याने चपला घालून निघाला.

दुपारचे साडेतीन. जिन्याच्या जाळीतून पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. मी पुढे, तो मागे. अर्धा जिना उतरले आणि मागचा पायरव थांबला.

वळून बघितलं. दादा भिंतीला पाठ लावून उभा होता, पोट आत ओढून. कुणी कपाट वर नेत असलं की आपण उभे राहतो ना, तसा. त्याची नजर सावकाश खालून वर गेली, आमच्या दारापर्यंत. पुन्हा खाली आली. पुन्हा वर गेली.

"दादा..." मी तोंडाने म्हटलं. मग हाताने. 'काय आहे? कोण आहे?'

चार दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला. पाहुण्यांसमोर पोर वेडंवाकडं वागलं की मोठी माणसं करतात तसा चेहरा करून.

'मध्ये काय उभी राहिलीस? बाजूला हो. खालचे थांबलेत.'

हसू नका. मीही भिंतीला पाठ लावली, पोट आत ओढलं आणि उभी राहिले. मला काही दिसलं नाही. काही ऐकू आलं नाही. साडीचा पदरही हलला नाही. फक्त दादाची मान दिसत होती. खालून वर... खालून वर... मध्येच तो कुणाला तरी नमस्कार करायचा. एकदा खाली वाकून कुणाला तरी हात दिला. लहान असावं.

त्या घरात आम्ही परत गेलो नाही. माझा मीटर, दादाचं यंत्र, सगळं वर तसंच आहे. आणायला कुणाला पाठवायचं म्हटलं तरी दादा मान हलवतो. 'आत्ता नको. जेवत असतील.'

पण माझी झोप उडते ती त्या दुपारच्या आठवणीने. किती जण होते, मी विचारलं नाही. एवढंच सांगते, दादाने 'आता चल' अशी खूण केली तेव्हा पायऱ्यांवरचं ऊन निघून गेलं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी दिवे लावले होते.